निसर्गरेखाटन वाचायचं कसं? मूड, प्रतीकं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत चित्रकला शिकवली. आता निवृत्तीनंतर रविवारी सकाळी आठ-दहा जणांना घेऊन स्केचिंगला जातो. चित्र कसं काढायचं हे फार थोडे विचारतात. काढलेल्या चित्राकडे बघायचं कसं, याचे प्रश्न मात्र घाटावर, चहाच्या टपरीवर आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवरही येतात. गेली काही वर्षं ते एका वहीत उतरवून ठेवले होते, त्यातले पुन्हा पुन्हा आलेले इथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. निसर्गचित्रात माणूस नाही, प्रसंग नाही. मग त्यात अर्थ कसला शोधायचा?

मेणवलीच्या घाटावर दहा जणांना एकाच पायरीवर बसवा आणि तासाभरानं कागद गोळा करा. एकानं नाना फडणवीसांच्या वाड्याची भिंत कागदभर घेतलेली असते. दुसऱ्याच्या कागदावर कृष्णेचं पाणीच पाणी. तिसऱ्यानं देऊळ, घाट सगळं सोडून एका झाडाचं खोड धरलेलं असतं. दृश्य एकच होतं, पण कुणी काय घेतलं, काय वगळलं आणि कशावर जास्त वेळ पेन्सिल घासली, यात तो तो माणूस उतरतो. वाचायचं ते हे.

लिओनार्दो दा विंचीचं आर्नो नदीच्या खोऱ्याचं एक शाईचं रेखाटन फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. कोपऱ्यात त्याच्या त्या उलट्या अक्षरांत तारीख आहे, ५ ऑगस्ट १४७३. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. झाडं अशी भरभर, तिरक्या रेघांनी काढली आहेत की वारा सुटल्यासारखं वाटतं. गोष्ट एकही सांगितलेली नाही, तरी त्या दिवसाची हवा साडेपाचशे वर्षांनंतरही लागते.

२. मूड आणि प्रतीक यांत फरक काय? दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले तर चालत नाही का?

बोलताना चालतं, लिहिताना गोंधळ होतो. मूड कागदावर असतो. प्रतीकाचा अर्थ कागदाबाहेरून, आपल्या ओळखीतून येतो.

देवळासमोरची दीपमाळ घ्या. उंच, काळसर, वर निमुळती होत गेलेली. बाकी सगळं आडवं पसरलेलं आणि मध्येच ही एक उभी. तिचा तो ताठपणा आणि वजन नॉर्वेच्या माणसालाही जाणवेल, कारण ते रेषेत आणि छटेत आहे. हा मूड. पण ती त्रिपुरी पौर्णिमेला उजळते आणि चित्रात ती विझलेली आहे म्हणजे उत्सव सरून गेलाय, हे फक्त दीपमाळ ठाऊक असलेल्यालाच कळणार. ते प्रतीक.

एक सोपी कसोटी सांगतो. चित्र उलटं धरा आणि डोळे बारीक करा. वस्तू ओळखू येईनाशा झाल्यावरही जे उरतं, म्हणजे जडपणा, हलकेपणा, धावपळ, शांतता, तो मूड. जे नाहीसं झालं, ते प्रतीकाच्या खात्यात.

३. चित्र समोर आलं की सुरुवात कुठून करू?

क्षितिजरेषेपासून. ती कागदाच्या वरच्या भागात असेल तर जमीन जास्त आणि आकाश थोडं: आपण उंचावरून बघतोय, किंवा जमिनीनं आपल्याला वेढलंय. खाली असेल तर आकाश अंगावर येतं, माणूस छोटा होतो. बरोबर मध्ये असेल तर एक तर चित्रकाराला ठाम स्थिरता हवी होती किंवा त्यानं विचारच केला नव्हता. नवशिक्यांच्या बाबतीत बहुधा दुसरं.

मग उजेड कुठून येतो ते पाहा. सावल्या लांब असतील तर सकाळ किंवा संध्याकाळ. आखूड, पायाशी गोळा झालेल्या असतील तर दुपार. आपल्याकडची एप्रिलची दुपार पेन्सिलीत आणायची तर जवळजवळ काहीच काढायचं नसतं, कागद पांढरा ठेवायचा आणि पडवीखाली एक गच्च काळा पट्टा द्यायचा. ऊन त्या काळ्यामुळे दिसतं.

त्यानंतर सगळ्यांत गडद जागा शोधा. डोळा तिथे जाऊन थांबतो. ती विहिरीचं तोंड आहे, दाराची चौकट आहे की झाडाखालची सावली? चित्रकारानं सगळ्यांत जास्त दाब तिथे दिलाय, उगाच दिलेला नसतो. मग रेषा कशा आहेत (पुढचा प्रश्न) आणि मोकळं काय सोडलंय (प्रश्न ५). इतकं झाल्यावर वस्तूंची नावं घ्या: झाड, वाट, नाव, देऊळ. बहुतेक जण नेमके याच्या उलट क्रमानं जातात. वाट दिसली की 'जीवनप्रवास' लिहून मोकळे होतात, आणि मग त्या वाटेवर ऊन होतं की नाही हे पुन्हा कुणी पाहत नाही.

४. रंगच नाहीत, नुसती पेन्सिल किंवा शाई. मग मूड कळणार कशावरून?

रंग नसल्यामुळे तो लवकर कळतो. हाताचा वेग आणि दाब लपवायला काही राहत नाही.

व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या आर्ल गावात असताना बोरूनं केलेली रेखाटनं पाहा. होय, बोरूच. वेताची तासलेली लेखणी, आपल्याकडे कित्ते गिरवायला वापरत तशीच. बोरूत शाई थोडी मावते, त्यामुळे रेघ आखूड निघते, सुरुवातीला भरलेली आणि शेवटी सुकी. मॉन्माजूरच्या टेकडीवरून दिसणाऱ्या शेतांच्या रेखाटनात त्यानं हाच अडसर कामाला लावला. जवळच्या गवताला जाड फटकारे, त्यामागे आखूड रेघा, मग ठिपके, आणि दूरवर ठिपकेही विरळ. रंग एकही नाही, पण उन्हानं तापलेली, किरकिरती दुपार ऐकू येते. प्रत्येक पोतासाठी वेगळी खूण आणि त्या खुणांची लय, यातून हा मूड तयार झालाय.

कोळशाचं उलट आहे. तो बोटानं पसरतो, कडा विरतात, म्हणून धुकं, पहाट, पावसाआधीचा कोंदटपणा यांच्यासाठी तो सोयीचा. कठीण पेन्सिलीची बारीक, एकसारखी रेघ थंड आणि तटस्थ वाटते. वास्तूंचे आराखडे तसे वाटतात ते म्हणूनच. पण साधनावरून थेट भाव ठरवू नका. कोळशानं चिडलेलं चित्र काढता येतं, हे माझ्या एका विद्यार्थ्यानं दर आठवड्याला सिद्ध केलं आहे. कोळशाची कांडी मोडल्याशिवाय त्याचा डोंगर होत नसे.

५. चित्रात बरीच जागा रिकामी सोडली असेल तर तो एकटेपणा समजायचा का?

कधी कधी. रिकामी जागा कशाच्या शेजारी आहे, त्यावर ते ठरतं.

जपानमध्ये हासेगावा तोहाकुनं सोळाव्या शतकाच्या शेवटी पाइन वृक्षांचे शाईतले पडदे केले; ते तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. काही झाडं गडद, काही जेमतेम दिसणारी, बाकी कागद कोरा. तो कोरा कागद धुकं होऊन झाडांना सांभाळतो. तिथे पोकळी जाणवत नाही, ओलावा जाणवतो. चीनमधला नी झान चौदाव्या शतकात पुन्हा पुन्हा तेच काढत राहिला: पुढे चार-दोन विरळ झाडं, एक रिकामी झोपडी, मध्ये पाणी म्हणून सोडलेला कागद, पलीकडे बुटके डोंगर. माणूस नाही. त्यात अलिप्तता आहे, पण तक्रार नाही.

आणि जर्मनीचा कास्पार डाव्हिड फ्रीडरिश. 'समुद्रकाठचा भिक्षू' हे त्याचं १८०८ ते १८१० मधलं चित्र. अवरक्त तपासणीत दिसलं की त्यानं आधी समुद्रात जहाजं घातली होती, मग ती काढून टाकली. तिथला रितेपणा ठरवून, पुसून आणलेला आहे. हे कळल्यावर 'एकटेपणा' हा शब्द वापरायला आधार मिळतो. आपल्याकडे चित्रकार राम कुमार यांचं बनारसही असंच. १९६० च्या सुमारास ते तिथे गेले आणि माणसांनी फुललेल्या त्या घाटांची चित्रं माणसांशिवाय केली. जिथे गर्दी असायला हवी तिथे ती नसणं वेगळं, आणि रानात माणूस नसणं वेगळं. दुसऱ्यात विशेष काही नाही.

६. वाट म्हणजे आयुष्य, नदी म्हणजे काळ, वठलेलं झाड म्हणजे मृत्यू... अशी प्रतीकांची पूर्ण यादी मिळेल का?

हा सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न. यादी मी देत नाही, आणि कारण पानं नसलेल्या झाडातच आहे.

उत्तर युरोपात निष्पर्ण झाड म्हणजे हिवाळा: बर्फ, अंधार, थांबलेलं शेत. तिथल्या चित्रात त्याला मरणाची छाया चिकटली ते समजण्यासारखं आहे. आता फाल्गुनात सह्याद्रीच्या उतारावर या. पळसावर एक पान नाही आणि सगळं झाड पेटलेलं. पांगारा तसाच, काटेसावर तशीच. इथे पानं झडतात ती वसंताच्या तोंडावर आणि पुष्कळदा फुलण्यासाठी. शिशिरातली पानगळ आपल्याकडेही उदास मानतात हे खरं, पण कोकणातल्या कुणी काटेसावरीचं बोडकं झाड रेखाटलं आणि तुम्ही 'मृत्यूचं प्रतीक' लिहिलंत, तर फांद्यांच्या टोकांना काढलेल्या त्या गोळ्या तुम्ही पाहिल्याच नाहीत. त्या कळ्या आहेत.

याचा अर्थ ठरलेली प्रतीकं नसतातच असा नाही. काही परंपरांनी ती अगदी शिस्तीनं ठरवली होती. तमिळ संगम कवितेत प्रदेशाप्रमाणे भाव वाटून दिले आहेत, त्याला तिणै म्हणतात. डोंगर म्हणजे मीलन, रान म्हणजे धीरानं वाट पाहणं, शेतजमीन म्हणजे रुसवा, समुद्रकाठ म्हणजे झुरणं, वैराण माळ म्हणजे ताटातूट. चीनमध्ये पाइन, बांबू आणि प्लम हे हिवाळ्याचे तीन मित्र, कारण थंडीत ते टिकतात. संकटात न वाकणारा माणूस त्यांतून सुचवला जातो. संस्कृत काव्यात आणि लघुचित्रांत चक्रवाक पक्ष्यांची जोडी दिसली आणि रात्र असली की विरह, कारण ही जोडी रात्री एकमेकांपासून दुरावते असा कविसंकेत आहे. अशा ठिकाणी यादी चालते, पण ती त्या घरापुरती. चिनी पाइनची किल्ली फ्रीडरिशच्या कुलपाला लावायची नाही.

७. काळे ढग म्हणजे संकट असं उत्तरपत्रिकेत लिहिलं तर चूक का?

चित्र डच किंवा इंग्रजी असेल तर कदाचित चालेल. आपल्याकडचं असेल तर आधी शेतकऱ्याला विचारा. मृगाच्या तोंडावर काळाभोर ढग दिसला की कोण घाबरतं? पहाडी लघुचित्रांत काळ्या ढगांवरून पांढऱ्या बगळ्यांची रांग जाते, खाली गच्चीवर प्रेमिक बसलेले असतात. तो ढग म्हणजे हर्ष. प्रियकर परगावी असेल तर तोच ढग विरह होतो. 'मेघदूता'तला यक्ष आषाढात ढग पाहून व्याकूळ होतो तो रामगिरीवर, आणि रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं बरेच जण मानतात. म्हणजे ढगाचा अर्थ त्याच्याखाली कोण उभं आहे त्यावर ठरतो.

इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलनं १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला शेकडावारी नसली तरी डझनांनी ढगांचे अभ्यास केले आणि कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवला. आकाश हे चित्रातल्या भावनेचं मुख्य साधन आहे असं त्याचं मत होतं. पण त्यासाठी त्यानं आधी हवामानाची नोंद केली, हे लक्षात घ्या. ढग पावसाचा आहे, वादळाचा आहे की संध्याकाळी नुसता रेंगाळलेला आहे, इतकं तरी पाहून मग 'संकट' लिहा.

८. रेम्ब्रांटच्या 'तीन झाडं' या चित्राला लोक तीन क्रूस म्हणतात. असे अर्थ किती खरे मानायचे?

हे १६४३ चं एचिंग आहे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, वहीच्या पानाएवढं, तरी त्याच्या निसर्गविषयक छापचित्रांत सगळ्यांत मोठं. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडं, काळी, एकमेकांना चिकटून. डावीकडे वरच्या कोपऱ्यात पट्टीनं आखल्यासारख्या तिरक्या रेघा, म्हणजे कोसळणारा पाऊस. मध्ये ढगांची घुसळण. झाडांच्या मागे मात्र आकाश लख्ख. खाली दूरवर सपाट जमीन आणि शहर.

आता पुरावे मोजू. वादळ आणि उजेड यांचा सामना कागदावर स्पष्ट आहे, त्याला बाहेरचा आधार लागत नाही. ही पहिल्या प्रतीची गोष्ट. झाडं नेमकी तीन आहेत, उंचवट्यावर आहेत, आणि ज्या समाजात हे चित्र विकलं जाणार होतं तो बायबल वाचणारा होता. टेकडीवर तीन उभ्या आकृती पाहून त्याला कालव्हरीची टेकडी, म्हणजे येशूला दोघांसोबत क्रूसावर चढवलं ती जागा, आठवली असती. ही दुसऱ्या प्रतीची: शक्य आहे, सिद्ध नाही. रेम्ब्रांटची बायको सास्किया १६४२ मध्ये गेली, म्हणून हे चित्र म्हणजे शोक, ही तिसऱ्या प्रतीची. तारखा जुळतात, पण कागदावर त्याला दुजोरा देणारं काही नाही.

उलट कागद दुसरंच काही सांगतो. उजवीकडे खाली झुडपात डोळे ताणून पाहा. एक जोडपं लपलंय. डावीकडे पाण्याकाठी एक जण गळ टाकून बसलाय. आणि टेकडीवर, झाडांच्याही उजवीकडे, एक बारीकसा माणूस बसून चित्र काढतोय, वादळाकडे पाठ करून! ज्याला तीन क्रूस वाचायचे आहेत त्यानं या चौघा-पाच जणांचा हिशेब द्यायला हवा. मला विचाराल तर जग त्याच्या गतीनं चालू आहे हेच या चित्राचं बळ आहे. वर आभाळ फाटलंय आणि खाली मासे धरले जातायत, कुणी प्रेम करतंय. तीन क्रूसांचा अर्थ मी खोडत नाही, पण फक्त तेवढाच वाचणारा निम्मं चित्र झाकून ठेवतो.

९. निसर्गातून काही सुचवायची अशी पद्धत आपल्याकडे होती का, की हे सगळं युरोपकडून आलं?

होती, आणि फार बारीक होती. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. कमळाच्या पानावर एक बगळी निश्चल बसली आहे, जणू पाचूच्या ताटात ठेवलेला शंख. बस्स, एवढंच चित्र. अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त ते ध्वनीचं, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून घेतलं. बगळी हलत नाही, म्हणजे ती निर्धास्त आहे. निर्धास्त आहे, म्हणजे इकडे कुणी फिरकत नाही. म्हणजे ही जागा आपल्या भेटीसाठी ठीक आहे, असं नायिका सुचवते. आणि लगेच मम्मट दुसरा अर्थही देतो: तू इथे आलाच नव्हतास, खोटं बोलतोयस, आला असतास तर बगळी उडाली नसती का?

बगळी म्हणजे शांती, पावित्र्य असं काही त्यानं म्हटलं नाही, हे मला फार आवडतं. त्यानं बगळीच्या स्थितीपासून पायरी-पायरीनं अर्थाकडे जाऊन दाखवलं, आणि वाट दोन ठिकाणी पोचते हेही मान्य केलं. चित्र वाचताना हीच पद्धत वापरा. 'निश्चल, म्हणून निर्धास्त, म्हणून निर्जन' अशी साखळी मांडता आली तर तुमचा अर्थ ऐकण्यासारखा. मधली एखादी कडी गाळावी लागली तर तो अंदाज.

१०. चित्रकाराला तसं काही म्हणायचंच नसेल तर? आपण उगाच अर्थ चिकटवतो का?

पुष्कळदा चिकटवतो. माझंच सांगतो. एकदा नदीकाठचं रेखाटन अर्धं झालं आणि पाऊस आला. खालचा भाग कोरा राहिला. पुढे ते एका प्रदर्शनात लावलं, तर दोन-तीन जणांनी त्या कोऱ्या भागाचं कौतुक केलं. एक बाई म्हणाल्या, 'पाण्याचं मौन किती छान आलंय.' मी गप्प राहिलो. घरी येऊन बघितलं, तर खरंच आलं होतं! मी ठरवलं नव्हतं, पण भर घालायची सवड मिळूनही मी ते तसंच लावलं होतं, म्हणजे कुठेतरी ते मला पटलं होतं.

दुसऱ्या टोकाला फ्रीडरिश. १८०८ च्या सुमारास डोंगरावरचा क्रूस काढल्यावर टीका झाली, तेव्हा त्यानं स्वतःच उलगडा केला: खडक म्हणजे श्रद्धेसारखा अढळ, सदाहरित वृक्ष म्हणजे माणसांची आशा. असं लेखी मिळालं तर ते जमेस धरायचं. पण चित्रकाराचं म्हणणं हा एक मोठा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. त्यानं घातलेलं सगळं दिसतंच असं नाही, आणि दिसतं ते सगळं त्यानं घातलेलंच असतं असंही नाही.

११. व्हॅन गॉगचं कावळ्यांचं शेत हे त्याचं शेवटचं चित्र, म्हणजे ती आत्महत्येची चिठ्ठीच ना?

ते शेवटचं चित्र नाही. जुलै १८९० मधलं आहे, पण त्यानंतरही त्यानं काम केलं. शेवटचं म्हणून आता झाडांच्या मुळ्यांच्या एका अपुऱ्या चित्राकडे बोट दाखवलं जातं.

त्या वादळी आकाशाखालच्या शेतांबद्दल त्यानं भाऊ तेओला लिहिलं तेव्हा दुःख आणि पराकोटीचा एकाकीपणा दाखवण्याचा प्रयत्न केला असं म्हटलं. लोक इथे थांबतात. पण त्याच पत्रात पुढे, खेड्यातल्या या मोकळ्या जमिनीत मला जे निरोगी, बळ देणारं वाटतं तेही ही चित्रं सांगतील, अशा अर्थाचं लिहिलं आहे. एकाच शेतात दोन्ही. शेवट माहीत असला की मागचं सगळं त्या रंगात बुडतं, म्हणून चरित्र शेवटी वाचा. आधी पाहिलंत तर दिसेल की त्या चित्रातला पिवळा काळ्याला अजिबात दबत नाही.

१२. सगळीच मुलं दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, घर आणि 'व्ही'सारखे पक्षी काढतात. त्यात काय वाचायचं?

मूड फारसा नाही. ते चित्र मुलानं पाहिलेलं नसतं, शेजारच्या बाकावरून घेतलेलं असतं. तरी एक गंमत आहे. तो सूर्य उगवता की मावळता? चिपळूणच्या मुलाला सह्याद्री पूर्वेला, त्यामुळे डोंगरातून येणारा सूर्य त्याच्यासाठी सकाळ. जुन्नरच्या मुलाला तोच सह्याद्री पश्चिमेला, त्यामुळे डोंगरात दिसणारा सूर्य म्हणजे गुरं परतायची वेळ. रेघ न् रेघ सारखी, पण चित्रं दोन. मुलाला नुसतं विचारा, 'आता किती वाजलेत तुझ्या चित्रात?' उत्तर देताना ते पहिल्यांदा स्वतःच्या गावाकडे बघतं. त्यानंतरचं चित्र वेगळं येतं, हा अनुभव आहे.

१३. मुलीनं सूर्य काळा रंगवला आहे. काळजी करावी का?

एका चित्रावरून नाही. आधी खडूंची पेटी बघा. पिवळा संपला असेल. सूर्यग्रहण शिकवलं असेल. घर, झाड, माणूस काढायला लावून मन जाणून घ्यायची एक चाचणी १९४८ पासून आहे, जॉन बक या मानसशास्त्रज्ञाची. पण तिथेही चित्र हे बोलणं सुरू करण्याचं निमित्त असतं, निदानाचा शिक्का नसतो. तिला चित्राबद्दल सांगायला लावा, मध्ये बोलू नका. झोप, जेवण, शाळेत जाणं यांत बदल दिसत असेल तर चित्र बाजूला ठेवून समुपदेशकाकडे जा. मी चित्रकलेचा मास्तर. त्यापुढचं माझं काम नाही.

१४. सूर्यास्ताचं किंवा बुडत्या नावेचं चित्र घरात लावू नये म्हणतात, खरं का?

वास्तूचे प्रश्न मी घेत नाही. इतकंच सांगतो की काळ्या-पांढऱ्या रेखाटनात क्षितिजावरचा सूर्य उगवता की मावळता हे जागा ओळखल्याशिवाय ठरत नाही (प्रश्न १२). कोकण किनाऱ्यावरून समुद्रावर टेकलेला सूर्य काढला असेल तर तो मावळताच. ओडिशाच्या किनाऱ्यावरचा उगवता. एकानं गोव्याच्या समुद्रावरचं रेखाटन 'सूर्योदय' म्हणून विकत घेऊन दिवाणखान्यात लावलंय. त्यांचं सगळं छान चाललंय.

१५. फोटोवरून काढलेल्या चित्रात खरा मूड येतो का?

येऊ शकतो, पण आधी कॅमेऱ्याचा मूड येतो. मोबाईल सावल्या उजळवतो नाहीतर आकाश पांढरं करून टाकतो, आणि काढणारा ते मुकाट्यानं उतरवतो. ओळखायची खूण म्हणजे सगळीकडे सारख्याच तपशिलानं भरलेला कागद. प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला ऊन लागतं, मुंग्या चावतात. तो कुठेतरी घाई करतो, कुठेतरी रमतो. फोटोवरून काढताना निम्मं मनानं वगळलंत तर ही अडचण जाते.

१६. एकाच चित्रात मला शांतता दिसली, मित्राला भीती. बरोबर कोण?

दोघांनीही बोट ठेवून दाखवा. 'शांत वाटतं' ही तक्रार किंवा कौतुक झालं. 'पाण्याच्या सगळ्या रेघा आडव्या आहेत आणि एकही तुटलेली नाही म्हणून शांत वाटतं' हे वाचन झालं. मित्र म्हणेल, 'पण दाराची ती काळी चौकट बघ, आत काहीच दिसत नाही.' दोघंही बरोबर असतील तर चित्रात ताण आहे, आणि हा तिसरा अर्थ दोघांनाही एकट्यानं सापडला नसता. एकाला बोटच ठेवता येत नसेल तर तो बहुधा स्वतःच्या दिवसाबद्दल बोलतोय. त्यातही काही वाईट नाही, फक्त ते रसग्रहणात लिहू नये.

१७. डावीकडून उजवीकडे चढणारी वाट आशेची आणि उतरणारी निराशेची, हे कितपत खरं?

आपण देवनागरी डावीकडून वाचतो, म्हणून डोळा तसा सरकायला तयार असतो आणि चढण-उतरण जाणवते. पण चिनी आणि जपानी गुंडाळीचित्रं उजवीकडून उलगडत जातात. तिथे हाच नियम लावला तर सगळा प्रवास उलटा होईल.

आणखी एक खोच आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर आरशासारखं उलटं उमटतं. रेम्ब्रांटनं तीन झाडं पत्र्यावर डावीकडे कोरली, छापल्यावर ती उजवीकडे आली. म्हणजे वादळ डावीकडून येतंय की नाही यावर मोठा सिद्धान्त रचण्याआधी तो कागदासाठी रचायचा की पत्र्यासाठी, हे ठरवावं लागेल. मी कागद धरतो, कारण त्याला छापल्यावर काय होणार हे पक्कं ठाऊक होतं. तुम्हाला पडताळून बघायचं असेल तर मोबाईलवर चित्र आडवं पलटवा. माझ्या डोळ्यांना पलटवलेल्या चित्रात झाडं आधी भेटतात आणि पाऊस नंतर, आणि मग तेच वादळ निघून चाललंय असं न वाटता येऊ घातलंय असं वाटतं.